नायिका अक्को का, डायना का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. 'लिटल विच अकॅडेमिया' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका कुणालाही बघायला सांगितली की चार-पाच भाग झाल्यावर हा प्रश्न येतोच. ही अक्को आगाऊ, अभ्यासाच्या नावानं बोंब, झाडूवर बसली तरी जमिनीपासून वीतभर वर उठत नाही. शेजारी डायना कॅव्हेंडिश उभी: लूना नोव्हा ही चेटकिणींची शाळा स्थापन करणाऱ्या नऊ चेटकिणींपैकी एकीच्या घराण्यातली, हुशार, शिस्तीची, कुठलाही मंत्र पहिल्या झटक्यात जमणारी. मग गोष्ट डायनाची का नाही?

प्रश्न रास्त आहे. 'अक्को मेहनत करते म्हणून' हे नेहमीचं उत्तर मात्र मला पटत नाही. मेहनत डायना तिच्या कितीतरी पट जास्त करते. अक्को निम्म्या वेळा नुसता गोंधळ घालते आणि निस्तरायला दुसऱ्यांना लावते. माझं उत्तर वेगळं आहे. या शाळेत जवळजवळ प्रत्येक जण आपल्याला मनापासून काय आवडतं ते झाकून वावरतो. अक्कोला ते झाकताच येत नाही. (इथून पुढे शेवटाकडची गुपितंही येतील. ती आधीच कळायला नको असतील तर बघून झाल्यावर वाचा.)

अक्को कागारी जपानहून आलेली, घरात जादूचा गंधही नाही. लहानपणी तिनं शायनी शॅरियो नावाच्या चेटकिणीचा रंगमंचावरचा कार्यक्रम पाहिला आणि ती वेडी झाली. खानदानी चेटकिणींच्या लेखी शॅरियो म्हणजे जादूला बट्टा लावणारी तमाशेवाली. तिचं नाव अभिमानानं घेणं हे त्या शाळेत हसू करून घेण्यासारखंच. अक्को पहिल्या दिवसापासून ते मोठमोठ्यानं घेते.

आणि हे वेड अगदी फुकटचंही नाही. सुरुवातीच्याच एका भागात शाळेतलं जुनं झाड आजारी पडलं असं समजून डायना त्याच्यावर उपचार करायला घेते. झाडाला लगडलेले ते रोगाचे गोळे नसून दुर्मिळ फुलपाखरांचे कोश आहेत, हे ओळखते अक्को. कशावरून? शॅरियोच्या पत्त्यांच्या संग्रहातल्या एका पत्त्यावरून! ग्रंथालय कोळून प्यालेली मुलगी जिथे चुकते तिथे खेळण्यातला पत्ता कामी येतो. मालिकेनं आपली बाजू इतक्या लवकर सांगून टाकली होती. आपण ते विनोद म्हणून सोडून दिलं.

आता अक्कोच्या खोलीतल्या दोघी. लॉटे फिनलंडची, चष्मेवाली, वस्तूंमधल्या आत्म्यांशी बोलणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. एका लांबलचक कादंबरीमालेची ती निस्सीम वाचक आहे. तिच्यावरच्या भागात ती कादंबरीमाला पुढे लिहिण्याची संधी खुद्द तिच्यासमोर येते, आणि ती नाही म्हणते. तिला लेखिका व्हायचं नाही, वाचक राहायचंय. 'स्वप्न बघ, मोठी हो' असं सतत बजावणाऱ्या गोष्टीत हा नकार किती शांतपणे येऊन जातो! अक्कोला तो कळत नाही, हेही छान आहे.

सूसी माझी लाडकी. विषारी अळंबी, उकळणारे काढे, अर्धे मिटलेले डोळे; मैत्रिणीवर विषाचे प्रयोग करायला तिला काहीच वाटत नाही. ओळख झाल्या झाल्याच तिनं अक्कोचा वापर राक्षसी पक्ष्यापुढे आमिष म्हणून केलेला असतो. अशा पात्राला मालिका सहसा एकाच विनोदावर शेवटपर्यंत ओढतात. इथे आठव्या भागात सूसी स्वतःच्याच औषधानं गाढ झोपते आणि अक्को तिच्या स्वप्नात शिरते. आत शेकडो सूसी आहेत. प्रत्येक सूसी म्हणजे तिची एकेक इच्छा, आणि ज्या इच्छा तिला नकोत त्यांना तिथे रीतसर खटला भरून मृत्युदंड दिला जातो. थोडं नटावंसं वाटणारी सूसी, जरा गोड वागावंसं वाटणारी सूसी, सगळ्या रांगेत उभ्या. अक्को काय करते, तर त्यांना सोडवते, आणि अर्थातच त्यातून भलतंच संकट उभं राहतं. जागी झाल्यावर सूसी सुधारत वगैरे नाही, पूर्वीइतकीच खडूस राहते. कुणालाही सरळ करण्याच्या भानगडीत ही मालिका पडत नाही, हे मला फार आवडतं.

दुसऱ्या खोलीतल्या तिघींना, म्हणजे बंडखोर अमांडा, सतत खाणारी यास्मिन्का आणि अक्षरही न बोलता यंत्रं बनवणारी कॉन्स्टान्झे यांना, जागा कमी मिळाली. यास्मिन्कावर तर अन्यायच झाला.

मग डायना. 2013 मध्ये ट्रिगर स्टुडिओनं तरुण अ‍ॅनिमेटरांच्या प्रशिक्षण प्रकल्पातून योह योशिनारींच्या दिग्दर्शनाखाली पहिला लघुपट केला, तेव्हा डायना बरीचशी ठरावीक प्रतिस्पर्धी होती. पुढच्या भागासाठी प्रेक्षकांकडे दीड लाख डॉलर मागितले, तर सव्वासहा लाखांहून अधिक जमले. 2015 मध्ये दुसरा चित्रपट आला आणि 2017 मध्ये 25 भागांची मालिका. त्या ऐसपैस जागेचा सर्वांत जास्त फायदा डायनाला झाला. घराण्याची जबाबदारी घ्यायला ती शाळा सोडून निघते, अक्को तिच्यामागे थेट तिच्या वाड्यावर धडकते, आणि मग कळतं की ही मुलगीसुद्धा लहानपणी शॅरियोचीच भक्त होती. एवढा अभ्यास, एवढी प्रतिष्ठा, आणि त्याखाली तेच वेड, घडी घालून ठेवलेलं.

शाळेतल्या शिक्षिका अर्सुला बाईंचं तर अख्खं अस्तित्वच लपवलेलं. चष्मा, विस्कटलेले केस, धांदरट चालणं, आणि आतून त्या स्वतःच शॅरियो. त्यांच्या कार्यक्रमांतल्या चमत्कारांना लागणारी शक्ती प्रेक्षकांतल्या मुलांकडूनच शोषली जात होती, हे त्यांना सुरुवातीला ठाऊक नव्हतं. अक्कोला उडता येत नाही त्याचं मूळ तिथेच आहे. जिच्यामुळे तिनं स्वप्न पाहिलं तिच्याचमुळे ते अवघड झालं. हे कळल्यावर अक्को कोलमडते, आणि मालिकेत पहिल्यांदाच गप्प होते. तिला सावरायला येते डायना, कारण त्याच कार्यक्रमात डायनाचीही जादू गेली होती आणि तिनं ती अभ्यास करून करून परत मिळवली होती.

म्हणजे दोघींची जखम एकच. एकीनं ती दडवून स्वतःला घडवलं, दुसरीला ती आहे हेच माहीत नव्हतं. डायना केंद्रस्थानी असती तर कुणाचंच काही बाहेर आलं नसतं. ती दुसऱ्याचं गुपित सभ्यपणे पाळते. अक्को दार न वाजवता आत येते, म्हणून गोष्ट पुढे सरकते. आगाऊपणा हा या नायिकेचा दोष आहेच, पण तो काढून टाकला तर मालिकाच उरत नाही.

तेव्हा निदान डायनाच्या वाड्यावरचे भाग येईपर्यंत थांबा. त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं तर एका बाबतीत मी तुमच्या बाजूनं बोलेन. हरवलेली जादू डायनानं एकटीनं, कुणा अर्सुला बाईंच्या आधाराविना कशी परत मिळवली, हे मालिका काही मिनिटांत उरकते. त्यावर आणखी एक पूर्ण भाग तरी द्यायलाच हवा होता.