धावायला लागल्यावरचा थकवा: नऊ आठवड्यांचा माझा अनुभव

‘काऊच टू फाइव्ह के’, म्हणजे कधीच न धावलेल्यांना हळूहळू पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा कार्यक्रम, सुरू केला की पहिल्या तीन-चार आठवड्यांत थकवा येतोच, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. या कार्यक्रमातून मी गेले आहे, आणि माझं ठाम मत आहे की धावणं झेपत नाही म्हणून लोक सोडतात असं नाही. थकवा नेमका कुठला, हे कळलं नाही की उपाय चुकतो. धावताना लागणारी धाप, दुसऱ्या दिवशी भरून आलेले पाय, दुपारी तीनच्या सुमारास येणारी मरगळ आणि आठवडे उलटले तरी अंगात त्राण नसणं, ही चार वेगळी दुखणी आहेत. धापेचा उपाय वेगात आहे, मरगळीचा झोपेत आणि जेवणात. त्राणच नसेल तर आधी रक्त तपासावं लागतं.

हा कार्यक्रम अमेरिकेतल्या जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखला, आपल्या आईला झेपेल असा. ब्रिटनच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, त्याची नऊ आठवड्यांची आवृत्ती ॲपमध्ये दिली, मी तीच वापरली. आठवड्यात तीन दिवस धावायचं, दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस सुट्टी. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं. हिशेब केला तर त्या दिवशीचं धावणं आठच मिनिटांचं होतं. तरीही धाप लागते, आणि त्याला कारण आहे.

धावायला सुरुवात केली की स्नायूंना ऑक्सिजन लगेच जास्त हवा असतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मागणीला पुरेशी पडायला दोन-तीन मिनिटं घेतात. पहिल्या आठवड्यातलं प्रत्येक धावणं ६० सेकंदांतच संपतं, म्हणजे दर वेळी तुम्ही नेमके त्या अवघड टप्प्यातच थांबता. पुढे तीन आणि पाच मिनिटांची धावणी आली की काही जणांना ती उलट सोपी वाटतात, ती यामुळेच. मला वॉर्म-अपचा सर्वांत जास्त फायदा झाला. पाचाऐवजी आठ ते दहा मिनिटं भरभर चाला, शेवटच्या दोन मिनिटांत हात जोरात हलवा. पहिल्या दोन धावण्यांतली धाप निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते.

वेग मात्र जवळपास प्रत्येकाचा चुकतो. धावायचं म्हटलं की शाळेतली शंभर मीटरची शर्यत आठवते आणि पाय तसेच पडायला लागतात. भरभर चालण्याचा वेग ताशी साधारण सहा किलोमीटर असतो. नवशिक्याने धावायचं ते ताशी सात ते आठ किलोमीटरने, म्हणजे किलोमीटरला साडेसात ते साडेआठ मिनिटं. शेजारून चालणारे आजोबा आपल्याबरोबरीने जाताहेत असं वाटलं तरी तोच वेग बरोबर. परीक्षा सोपी आहे: धावता धावता ‘आज संध्याकाळी भाजी काय करायची’ एवढं पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. पावलं लहान टाका, टाच पुढे फेकू नका, पाय शरीराच्या खालीच पडू द्या. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा पुण्यातल्या विद्यापीठाच्या आवारात सकाळी भराभर पळणारे बरेच दिसतील, त्यांच्याशी पाऊल जुळवायचा मोह होतो. तो टाळायचा.

पाय भरून येण्याची फार काळजी करू नये. सवय नसलेल्या हालचालीने येणारी ही दुखी २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. दोन्ही पोटऱ्या किंवा दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि चालायला लागल्यावर बरं वाटत असेल, तर सुट्टीच्या दिवशी वीस-तीस मिनिटं हळू चाला, दिवसभर झोपून राहू नका. नडगीच्या हाडावर एका जागी बोट ठेवून ‘इथेच दुखतं’ असं दाखवता येत असेल, किंवा दुखणं एकाच पायात असून धावताना वाढत असेल, तर ती वेगळी गोष्ट. तिथे धावणं थांबवायचं, आणि आठवड्यात उतरलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचं. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीची पायवाट पायांना बरी. झिजलेले जुने कॅनव्हासचे बूट वापरू नका.

दुपारच्या मरगळीवर जरा सविस्तर लिहिते, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते तिला. साधारण अंदाज असा, की धावताना प्रत्येक किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या व्यक्तीने तीन किलोमीटर अंतर कापलं, तर २०० कॅलरींच्या आसपास. दोन पोळ्या-भाजीइतकीही शक्ती खर्च होत नाही. मग दुपारी डोळे का मिटतात?

पहिलं कारण झोप. साडेसहाला उठणारा माणूस पाचला उठायला लागतो, पण झोपतो मात्र पूर्वीसारखाच साडेअकराला. साडेपाच तासांच्या झोपेवर काहीही केलं तरी मरगळ येणारच. आपल्याकडे रात्रीची जेवणं नऊच्या पुढे होतात, त्यानंतर मोबाइल, त्यानंतर झोप. धावण्याच्या आदल्या रात्री आठपर्यंत जेवण आणि दहाला दिवा बंद, एवढं जमलं तर सात तास होतात. घरातल्या कामांमुळे ते शक्य नसेल, तर पहाटेचा हट्ट सोडा आणि संध्याकाळी सहानंतर धावा. कमी झोपून पहाटे धावण्यापेक्षा पुरेसं झोपून संध्याकाळी धावलेलं कधीही चांगलं. दुपारी शक्य असेल तर वीस मिनिटांची डुलकी घ्या. तास-दीड तास झोपलात तर रात्रीची झोप जाते. चहा-कॉफीचा अंमल उतरायला तासन्‌तास लागतात, म्हणून चारनंतरचा कप बंद.

दुसरं कारण जेवण, त्यातही बहुधा डाएट. धावायला लागण्याच्या दिवशीच भात, पोळी आणि रात्रीचं जेवण कमी करणारे कितीतरी जण असतात. पहिले चार आठवडे खाणं कमी करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. पोट उपाशी असेल तर धावण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी एक लहान केळं किंवा दोन खजूर पुरे. तीस-पस्तीस मिनिटांच्या धावण्यासाठी एनर्जी ड्रिंक किंवा जेलची गरज नाही, ते पैसे वाया. धावून आल्यावर तासाभरात नाश्ता करावा, आणि त्यात प्रथिनं असावीत. नुसत्या पोह्यांत ती फारशी नसतात. पोह्यांत मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे घातले तर सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, पेलाभर दुधातून सहा-सात आणि एका अंड्यातून सहा. वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ दोन्ही जेवणांत हवी. वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिनं दिवसभरात पोटात जातात का, एवढं एक आठवडा लिहून पाहा. बहुतेकांचं गणित तिथेच कमी पडलेलं दिसतं. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्रातल्या उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर धावू नये, तो दिवस चालण्याचा ठेवावा.

तिसरं कारण पाणी आणि हवा. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि हृदयाला त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं. पुण्यात डिसेंबरमध्ये सहज जमणारा आठवडा ठाण्यात मे महिन्यात जमेलच असं नाही. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस वेग आणखी कमी ठेवा आणि सूर्य वर येण्याआधी संपवा. किती पाणी प्यायचं हे कळण्यासाठी एकदा धावण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांवर वजन करून पाहा. जितके ग्रॅम वजन घटलं साधारण तितके मिलिलिटर घाम गेला. अर्धा किलो घटलं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत अर्धा लिटरहून थोडं जास्त पाणी थोडं थोडं करून प्या. भरपूर घाम आला असेल तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक प्या. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

हे सगळं सांभाळूनही चौथ्या-पाचव्या आठवड्यात जिना चढताना दम लागतो, केस गळतात, चक्कर येते, तर धावण्याला दोष देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना. म्हणून, विशेषतः बायकांनी, कार्यक्रम सुरू करण्याआधीच सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ (जीवनसत्त्व) आणि टीएसएच (थायरॉइड) या चार तपासण्या करून घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, म्हणजे लोहाचा साठा संपत आलेला असतो, आणि थकवा तेव्हापासूनच जाणवू शकतो. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळ दिसते. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात. अळिवाचे लाडू चांगलेच, पण खाली गेलेलं हिमोग्लोबिन नुसत्या लाडवांनी वर येत नाही. आपली एक सवय मात्र इथे नडते: नाश्त्याबरोबरचा चहा. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. चहा तासभर नंतर घ्या आणि पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा, त्याने शोषण वाढतं. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि त्या दिवसांत धावण्याऐवजी चाललात तरी कार्यक्रम मोडत नाही.

पाचव्या आठवड्याची धास्ती जवळपास प्रत्येकाला वाटते. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांची तीन धावणी, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांची दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम न थांबता वीस मिनिटं. आकडा मोठा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही एकूण सोळा मिनिटं धावलेलेच असता. त्या दिवसाआधी एकाऐवजी दोन दिवस सुट्टी घ्या. पहिली पाच मिनिटं मुद्दाम खूप हळू जा. घड्याळाकडे पाहू नका, ॲपचा आवाज ऐका. तेरा-चौदाव्या मिनिटाला थांबावंसं वाटेल. तेव्हा वेग चालण्याइतका कमी केला तरी चालेल, पण पावलांची लय धावण्याचीच ठेवा. बहुतेक वेळा ती वीस मिनिटं पूर्ण होतात.

एखादा आठवडा जमला नाही तर तो पुन्हा करायचा. नऊचे बारा आठवडे झाले तरी काही बिघडत नाही. पुढे जायचं की नाही हे ठरवायला मी सकाळची नाडी वापरते: अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. आठवडाभर मोजलं की आपला नेहमीचा आकडा कळतो. त्याहून आठ-दहा ठोके जास्त असतील, झोपही धड झाली नसेल, तर त्या दिवशी धावत नाही. ताप असताना, आणि डेंग्यू किंवा फ्लूनंतर अंगातली कणकण पूर्ण जाईपर्यंत धावणं बंद ठेवायचं, आणि परत येताना दोन आठवडे मागचा टप्पा धरायचा.

धावताना छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी वेदना, अंधारी किंवा छातीत अनियमित धडधड झाली, तर तिथेच थांबून बसा आणि १०८ ला फोन करा किंवा करायला सांगा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना भेटावं.

नवव्या आठवड्यात ३० मिनिटं सलग धावता येतं. किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने ते पावणेचार किलोमीटर होतं, पाच नाही. त्याने निराश होऊन लगेच वेग वाढवला की थकवा परत येतो, आणि या वेळी दुखापतीसह. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूबंध आणि हाडं त्यामानाने बरीच सावकाश मजबूत होतात. म्हणून आधी महिनाभर ३० मिनिटं आठवड्यातून तीनदा, त्याच वेगाने. नंतर आठवड्यातल्या एकाच धावण्यात दोन-तीन मिनिटं वाढवत ४० मिनिटांपर्यंत जायचं. तेव्हा पाच किलोमीटर पूर्ण होतात.