नाताळ, आईची वही आणि परत गेलेली पिशवी

२४ डिसेंबर, रात्र

आज सायंकाळी शेवटची पिशवी पोहोचवून झाली. उपासनेहून परतल्यावर घरातले सर्वजण झोपले आहेत आणि मी आईची वही समोर उघडून बसले आहे. नाताळच्या आधीच्या दिवसांत आमच्या घरी गरजू कुटुंबांना मदत पोहोचवण्याचे जे काम चालते, त्याचा सारा तपशील या जाड पुठ्ठ्याच्या वहीत आहे. प्रत्येक पानावर एक कुटुंब असते. घरात माणसे किती, मुलांची वये, कपड्यांची आणि पायांची मापे, कोणाचे औषध चालू आहे आणि त्या घराने स्वतःहून काय सांगितले, एवढेच तिथे लिहायचे असते. नाव मात्र कोठेही नसते. आम्हा भावंडांच्या तोंडून शाळेत काही निघून जाऊ नये म्हणून आईने हा नियम सुरुवातीपासून पाळला आणि तिच्यानंतर आम्हीही तो मोडलेला नाही.

ही पद्धत तिला कोठून सुचली हे मी पुष्कळ नंतर समजून घेतले. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवासंस्थेतील एका दांपत्याने १९७९ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्ग येथे, देवदूतांची चित्रे असलेल्या कार्डांवर गरजू मुलांच्या गरजा लिहून ती एका बाजार संकुलातील नाताळच्या झाडावर टांगली होती. ज्याला वाटेल त्याने एक कार्ड काढून घ्यावे आणि त्यावर लिहिलेली वस्तू आणून द्यावी, इतकी साधी ती कल्पना होती. आईने झाड घेतले नाही, फक्त कार्ड घेतले आणि त्याची वही केली. तिचे म्हणणे असे की, विचारल्यावाचून दिलेली वस्तू ही बहुधा देणाऱ्याच्या आवडीची असते. त्या वहीत एका वर्षी एका घराने केवळ चष्मा मागितला आहे आणि दुसऱ्या एका घराने मुलीच्या परीक्षेचे शुल्क. खेळणी आणि रंगीत कपडे घेऊन गेलो असतो, तर या दोन्ही गोष्टी आम्हाला कधीही कळल्या नसत्या.

मुलांच्या भेटवस्तू आम्ही कागदात गुंडाळून देत नाही. वस्तू, रंगीत कागद आणि फीत असे तिन्ही वेगळे ठेवून ते आईवडिलांच्या हाती सोपवतो, म्हणजे रात्री मुले झोपल्यावर त्यांनी स्वतः ती भेट बांधावी आणि सकाळी आपल्या हातांनी द्यावी. लहानपणी मला याचे वाईट वाटे, कारण गुंडाळण्याचे काम मला फार आवडत असे. आता मला स्वतःची मुलगी आहे आणि तिची भेट दुसऱ्या कोणी बांधून आणून दिली तर मला काय वाटेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमचे काम सुरू होते ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाच्या दिवशी. चौथ्या शतकात मायरा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ते बिशप होते. त्यांच्याविषयीची आख्यायिका आई दर वर्षी सांगत असे: एका घरात तीन मुलींची लग्ने पैशांवाचून अडली होती, तेव्हा निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची थैली आत टाकली, आणि तसे तीन वेळा केले. दिवसा उजेडी दिले असते तर त्या पित्याची मान खाली गेली असती, म्हणून रात्र निवडली, असे आई समजावून सांगे. उजव्या हाताने काय दिले ते डाव्या हातालाही कळू नये, ही बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण त्याच वेळी आमच्या कानांवर पडत असे. माझी या शिकवणीवर श्रद्धा आहे. तरीही एक गोष्ट मला बोचत राहते. जो अंधारात देऊन निघून जातो, त्याला परत काही देण्याची वाट त्या पित्याला उरत नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. आमच्यापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या एका बाईंचे यजमान त्या वर्षी अचानक गेले होते आणि त्यांच्या पदरी दोन लहान मुले होती. आईने वहीत त्यांचे पान केले आणि नाताळला जे लागणार होते ते पोहोचवले. पुढच्या वर्षी २४ डिसेंबरच्या सकाळी त्या बाई स्वतः आमच्या दारी आल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत चार रुमाल होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आमच्या घरातील एकेकाच्या नावाचे पहिले अक्षर रेशमाने भरलेले होते. आईने ते पाहिले, कौतुक केले आणि पिशवी त्यांच्या हातात परत ठेवली. “अहो, हे कशाला आणलेत? हे विकलेत तर चार पैसे मिळतील, तुम्हालाच उपयोगी पडतील,” असे ती म्हणाली. तिच्या मनात माया होती, याविषयी मला आजही शंका नाही. बाई “बरं” म्हणाल्या आणि पिशवी घेऊन वळल्या. त्यांची पाठ मला अजून दिसते.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने, पण दार अर्धेच उघडून, आमच्यापेक्षा अधिक गरज असलेल्या कोणाला तरी हे द्या, असे सांगितले. तो हिवाळा त्यांना किती जड गेला हे आम्हाला फार उशिरा समजले. त्यांच्या पानावर त्या भेटीच्या रात्रीची तारीख आहे आणि खाली आईच्या अक्षरात एकच ओळ आहे: “रुमाल घ्यायला हवे होते.”

२६ डिसेंबर

आज संत स्तेफनचा दिवस. ख्रिस्तासाठी प्राण देणारा पहिला साक्षी म्हणून त्याचे स्मरण केले जाते, परंतु बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो प्रथम भेटतो तो वाटपाचे काम करणारा म्हणून. यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जात असे आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले. स्तेफन, फिलिप्प, नीकनोर, तीमोन अशी ती सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले असावे, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात आणि मला तो मनापासून पटतो. दर वर्षी हा उतारा ऐकताना मला आईने पुढे जे केले ते आठवते.

ती काही दिवसांनी त्या बाईंकडे एकटीच गेली. तिने क्षमा मागितली की नाही हे मला ठाऊक नाही. तिने मदत मागितली, एवढे नक्की. वाटपाच्या पिशव्या शिवायच्या होत्या आणि तिला स्वतःला सरळ शिवणही येत नव्हते. बाईंनी त्या वर्षी पिशव्या शिवल्या, त्याच्या पुढच्या वर्षी कोणत्या घरी काय विचारावे आणि काय विचारू नये हे आईला सांगितले आणि त्यानंतर वही अर्धी त्यांचीच झाली. विधवा बाईला तिच्या मुलांसमोर गरज विचारू नये, हा नियम त्यांचा आहे. नाताळला सगळेच येतात आणि नंतर कोणी फिरकत नाही, म्हणून जमलेल्या रकमेचा तिसरा भाग फेब्रुवारीसाठी बाजूला ठेवावा, हाही त्यांचाच. कोणी काही परत दिले, तर ते दोन्ही हातांनी घ्यायचे, हा नियम आईने स्वतः घातला.

आज दुपारी त्या बाई आमच्या घरी आल्या होत्या. आता त्यांना फार वेळ शिवण करवत नाही, पण पुढची यादी त्यांनी माझ्या मुलीला शेजारी बसवून तपासली. पाने उलटताना मध्येच एक पान आले, जे मी इतक्या वर्षांत नीट वाचले नव्हते. ते बाबांच्या आजारपणाच्या वर्षाचे आहे आणि अक्षर आईचे नाही, बाईंचे आहे. घरात माणसे चार. मुलांची वये सोळा आणि तेरा. गरज या शब्दापुढे लिहिले आहे: “रात्री रुग्णालयात थांबायला कोणीतरी हवे. वहिनी स्वतः सांगणार नाहीत.” खाली अकरा रात्रींच्या तारखा आहेत आणि त्यांतील सात तारखांपुढे त्यांनी खूण केली आहे.

मी त्यांना काही विचारले नाही. त्यांनी पान उलटले आणि पलीकडच्या घरातील धाकट्याचे पायाचे माप फेब्रुवारीत पुन्हा घ्यावे लागेल, असे मुलीला लिहून ठेवायला सांगितले.