तुम्ही विचारलंत म्हणून: हवामानाच्या हिशेबात तत्त्वज्ञानाचं काय काम?

प्रश्न साधारण असा येतो: ‘तापमानवाढ, पाणी, कचरा हे शास्त्रज्ञांचे, अभियंत्यांचे आणि सरकारचे विषय. त्यात तत्त्वज्ञान आणि धर्मचिंतन आणून तुम्ही नेमकं करता काय?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा ‘निसर्ग हाच देव’ छापाची भाषणं असतात. त्यांचा कंटाळा येणं रास्त आहे. खरं काम रुक्ष असतं. तांत्रिक दिसणाऱ्या हिशेबात कुणीतरी न बोलता घेतलेला नैतिक निर्णय हुडकायचा, तो उघड्यावर आणायचा आणि मग त्यावर भांडायचं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण डिस्काउंट रेटचं. शंभर वर्षांनी होणाऱ्या नुकसानाची आजची किंमत काढायला अर्थशास्त्रज्ञ हा दर लावतात. त्याच्या सूत्राचं मूळ गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्झी यांच्या १९२८च्या लेखात आहे आणि त्याला तीन आकडे लागतात. पहिला: पुढच्यांचं सुखदुःख केवळ नंतरचं म्हणून किती कमी मोजायचं. दुसरा: सधन माणसाच्या हाती आलेला जादा पैसा गरिबाच्या पैशापेक्षा किती हलका धरायचा. तिसरा: दरडोई उपभोग दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल. दुसऱ्याला तिसऱ्याने गुणायचं, त्यात पहिला मिळवायचा.

अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये केलेल्या अहवालात हे आकडे ०.१, १ आणि १.३ होते, दर आला १.४ टक्के. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या त्याच सुमाराच्या मांडणीत १.५, २ आणि साधारण २. दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आता शंभर वर्षांनंतरचं १०० एककांचं नुकसान घ्या. पहिल्या दराने त्याची आजची किंमत २५ एककं भरते, दुसऱ्याने अर्ध्या एककाहूनही कमी. म्हणून एकाला आजच कडक उपाय परवडतात आणि दुसरा ‘सावकाश’ म्हणतो. दोघांच्या हवामानशास्त्रात एवढी दरी पडावी असं काही नाही.

तिसरा आकडा भाकीत आहे. खरा-खोटा ठरवायला काळ समर्थ आहे. पहिल्या दोन आकड्यांचं तसं नाही. नॉर्डहाउस यांची बाजू अशी की लोक बाजारात प्रत्यक्ष जसे वागतात त्यावरून दर काढावा. तत्त्वज्ञ इथेच आक्षेप घेतो: माणूस स्वतःच्या उद्याबद्दल अधीर असतो, ठीक, पण तेवढ्यावरून अजून न जन्मलेल्याला कमी मोजायचा अधिकार त्याला कुठून मिळाला? रॅम्झी यांनीही अशी कमी मोजणी नैतिकदृष्ट्या असमर्थनीय म्हटली होती. स्टर्न यांचा ०.१ हा अधीरपणाचा आकडा नाहीच, मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी तो धरलेला आहे. मात्र त्यांचा दुसरा आकडा, १, निर्दोष नाही. अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी त्यावर बोट ठेवलं: नातवंडांबद्दल एवढं हळवं असणारं गणित विषमतेबद्दल मात्र फारच उदार आहे.

पद्धत म्हणाल तर वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या अधिकरणाइतकी (एकेका वादविषयाच्या चर्चेच्या चौकटीइतकी) शिस्तशीर क्वचितच सापडेल: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. गाडी अडते ती बहुतेक वेळा संशयापाशी. ‘विकास की पर्यावरण?’ हा संशयच नव्हे, कारण कुणाचा विकास आणि कशाची हानी हे त्यात नाही. ‘कोरड्या वर्षी धरणातून आधी कपात कुणाची, सिंचनाची की नदीत सोडायच्या किमान प्रवाहाची?’ हा संशय झाला. पूर्वपक्ष लिहिल्यावर तो प्रतिपक्षाला वाचायला द्यावा. ‘हो, हेच आमचं म्हणणं’ असं तो म्हणेपर्यंत उत्तरपक्षाला हात लावू नये. आणि काय निष्पन्न झालं तर निर्णय फिरवू, तेही निर्णयातच लिहून ठेवावं. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात, उरलेली निदान कामाची होतात.

धर्मग्रंथांकडे वळताना हमखास होणारी चूक म्हणजे गुळगुळीत वचन उचलणं. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे (१:२८) आणि बागेची राखणही सोपवली आहे (२:१५). इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला पर्यावरण-संकटासाठी जबाबदार धरलं, तेव्हापासून ही दोन वचनं एकमेकांवर फेकली जात आहेत. कामाचं वचन ते, जे हितसंबंध गुंतलेल्याला बांधून घालतं. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं २०:१९ पाहा: वेढा घालणाऱ्या सैन्याने फळझाडं तोडू नयेत. पुढचंच वचन बाकीची झाडं वेढ्याच्या कामासाठी तोडू देतं. कोण, केव्हा, काय, सगळं ठरलेलं. यहुदी परंपरेने यातूनच कुठल्याही नासाडीविरुद्धचा नियम वाढवला. पण फळापेक्षा लाकडाची किंमत जास्त असेल तर झाड तोडायला तालमूद हा यहुदी धर्मशास्त्राचा ग्रंथ मुभा देतो. जंगलतोडीविरुद्ध हा आधार घेणाऱ्याने ही मुभाही स्वतःच सांगावी. समोरचा सांगणारच आहे.

‘मा गृधः’ (लोभ धरू नकोस) म्हणणारं ईशोपनिषदही कुणी किती सोडायचं ते सांगत नाही. तिथे तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९९३ मध्ये केलेला जगण्यापुरतं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन हा भेद लागतो.

उलटंही घडतं, तत्त्वज्ञान अडतं तिथे धर्मपरंपरा कामी येते. ‘भावी पिढ्यांचे हक्क’ ऐकायला भक्कम वाटतात, पण तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये त्यातली भेग दाखवली. धोरण बदललं की कोण कुणाला भेटतं आणि कुणाचा जन्म होतो तेही बदलतं. मग आजच्या धोरणाने ‘त्यांचं’ वाईट केलं असं कुणाबद्दल म्हणणार? ते धोरण नसतं तर ती माणसंही नसती. इस्लाममध्ये माणूस पृथ्वीवरचा ‘खलिफा’ आहे, म्हणजे देवाचा प्रतिनिधी, त्याची ठेव सांभाळणारा. तो पुढे ठेव घेणाऱ्या पिढीला नव्हे, ठेव ठेवणाऱ्याला उत्तरदायी असतो, त्यामुळे या कोड्यात अडकत नाही. अश्रद्ध माणसाला हा आधार वापरायचा तर ठेव ठेवणाऱ्याच्या जागी कोण, याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

नदीला कायद्याने व्यक्ती मानण्याची कल्पनाही कोण जबाबदार आणि कुणाला, याच तपशिलांवर तरते किंवा बुडते. मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला तो दर्जा दिला. कायद्यातच दोन पालक ठरले, एक माओरी समूहांनी नेमायचा आणि एक शासनाने, शिवाय ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवून सरकारी अधिकाऱ्यांनाच पालक केलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलैमध्ये स्थगिती आली. राज्याच्या अडचणी सरळ होत्या: नदी इतर राज्यांतूनही वाहते, तिथे या पालकांचं कोण ऐकणार, आणि पुराने नुकसान झालं तर भरपाईचा दावा कुणावर लावायचा?