फेब्रुवारीचा हप्ता आणि चवथीचा खर्च

आपल्याकडे गोव्यात आठवीतलं पोर चक्रवाढ व्याजाचं गणित धडाधड सोडवतं, पण घरात लाइटचं बिल किती येतं विचारलं की आईच्या तोंडाकडे बघतं. हे मला आत्ताच एवढं का टोचलं ते सांगते.

मी इंग्लंडातल्या स्विंडन शहरात एका शाळेत वर्गात मदतनीस आहे, शिकवत नाही, ज्या मुलांना जमत नाही त्यांच्या शेजारी बसते. इंग्लंडात २०१४ पासून माध्यमिक शाळेच्या नागरिकशास्त्रात पैशांचा विषय आहे, बजेट, कर्ज, विमा, बचत, पेन्शन सगळं अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. पण लिहिलेलं असणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, आणि आमच्या सरांनी जे शिकवलं ते मी अगदी कान टवकारून ऐकलं.

त्यांनी प्रत्येक गटाला एक चिठ्ठी दिली. २१ वर्षांचा किंवा त्याहून मोठा माणूस, सरकारने ठरवलेला कमीत कमी पगार, म्हणजे २०२५-२६ साठी तासाला १२.२१ पौंड, आठवड्याचे साडेसदतीस तास. मुलांनी गुणाकार केला, महिन्याला १,९८४ च्या आसपास आले, आणि लगेच कोणी बूट घेतले कोणी फोन. मग सरांनी पे स्लिप वाटली. इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विमा) वजा केला तर हातात १,७२० च्या जवळपास, पेन्शनचे कापले की आणखी कमी. अडीचशे पौंडांच्या वर रक्कम पहिल्या दहा मिनिटांत गेली आणि अख्खा वर्ग गप्प. त्यानंतर भाडं, वीज-गॅस, पाणी, बसचा पास, टीव्हीचं लायसन्स (तेसुद्धा २०२५-२६ ला वर्षाचे १७४.५० पौंड, हे मला अजून पटत नाही).

पण मला सगळ्यात आवडला तो काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा भाग. तो इथे बहुतेक लोक दहा हप्त्यांत भरतात, एप्रिल ते जानेवारी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला हप्ताच नाही. एका मुलाने खुशाल लिहिलं की फेब्रुवारीत पैसे उरतात म्हणून कपडे घेणार. शेजारची मुलगी म्हणाली, आमच्या गाडीची तपासणी नेमकी तेव्हाच येते, मम्मी ते पैसे त्यासाठी ठेवते. सर हसले नाहीत, शाबासकी पण दिली नाही, फक्त फळ्यावर लिहिलं की वर्षाचा खर्च बाराने भागा आणि दर महिन्याला बाजूला टाका. बस, एवढंच.

आता हे ऐकून मला अभिमान वाटला, कारण हे आपल्या आयांनी कधीच केलेलं आहे हो! पावसाआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची, सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरची, कांद्याच्या माळा, हे काय एका महिन्याच्या पगारात होतं का? पावसाळ्यात ट्रॉलरची मासेमारी बंद, मासळी महाग, हे धरून मे महिन्यातच डबे भरलेले असायचे. जूनला शाळेचा खर्च, मग श्रावण, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. माझ्या आईच्या डोक्यात सगळं वर्ष मांडलेलं असायचं. इथल्या लोकांना हे छापील कागदावर शिकवावं लागतं.

पण अभिमान तिथेच थांबतो, कारण आईने ते आम्हाला कधी दाखवलं नाही. मुलांसमोर पैशांचं बोलायचं नाही, अभ्यास कर, हे आमचं वळण. दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत, आणि कॉलेजला जाणाऱ्या पोरांना सिलिंडरचा भाव माहीत नाही.

इथल्या कागदावरही एक मोठी खोट होती, तीही सांगते. आमच्याच गोंयकार घरातल्या एका मुलाने विचारलं, सर, आजीला पाठवायचे पैसे कुठे लिहू? सर म्हणाले, 'इतर' मध्ये. म्हणजे आईवडिलांचं औषध, देवळाचं देणं, लग्नकार्याचा आहेर, हे सगळं आइस्क्रीमच्या ओळीत! आम्ही घर सोडून आलो म्हणून गावात बोलणारे बोलतात, बोलू देत, पण आमच्यातल्या कितीतरी घरांत भाड्याच्या खालोखाल नाव घरी पाठवायच्या पैशांचंच असतं आणि ते कोणाला 'इतर' वाटत नाही. मी तासानंतर सरांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्गाच्या कागदावर 'कुटुंबाला' अशी वेगळी ओळ टाकली. हे मात्र मानलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये गोव्यात फोंड्याला घरी आले तेव्हा चवथीच्या सुट्टीत भाच्यांना आणि त्यांच्या दोन-तीन मित्रांना सोप्यावर बसवलं. चिठ्ठ्या नाही, खरी बिलं. आधी अंदाज लिहायचा, मग बिल उघडायचं. सिलिंडरला एकाने पाचशे लिहिले, होता साडेआठशेच्या पुढे. मग वहिनीने कालनिर्णय काढलं, त्यावर सिलिंडर लावल्याच्या तारखांना पेनाने गोल केलेला होता, दोन गोलांमध्ये चाळीस दिवस. भाची पटकन म्हणाली, "आत्ये, म्हणजे महिन्याला साडेसहाशेच धरायचे ना?" अगदी बरोबर. आणि ते चाळीस दिवस चवथीच्या महिन्यात तीसच होतात, पाहुणे असतात, नेवऱ्या (करंज्या) तळायच्या असतात, हे वहिनीने सांगितलं. असलं कुठल्या पुस्तकात सापडणार?

गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे महिन्याचे दीड हजार वहिनीने वेगळ्या ओळीत लिहायला लावले, घरखर्चात मिसळायचे नाहीत म्हणाली, त्यातून भाचीच्या क्लासची फी जाते आणि कधी जमा व्हायला उशीर झाला तर घर अडता कामा नये. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. ज्या पैशाची तारीख पक्की नाही त्यावर दूध-पाव उभा करायचा नाही.

चवथीचा खर्च मांडला तेव्हा दादा जरा अवघडला. मूर्ती, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, फटाके, कपडे, भटजींची दक्षिणा, बेरीज बघून भाचा म्हणाला, बाबा एवढे? बाराने भागल्यावर जो आकडा आला तो दर महिन्याला बँकेच्या आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत, टाकायचा असं ठरलं, आणि फटाक्यांचा आकडा भाच्याने स्वतः खोडून अर्धा केला. कोणी सांगितलं नव्हतं. दादाला वाटत होतं पोरांना घरची अडचण कळली तर ती खचतात, मला उलट दिसलं, पण तो अजून माझ्याशी यावर वाद घालतो.

माझ्या ओळखीच्या ज्या बाई-सर गोव्यातल्या हायस्कुलांत शिकवतात त्यांच्यासाठी हा कागद मी मराठीत करतेय, पगार, कपात, महिन्याचा खर्च, वर्षाचा खर्च भागिले बारा, 'कुटुंबाला', आणि अचानक फ्रीज बिघडला तर. हवा असेल तर खाली लिहा, पाठवते. आकडे मात्र रिकामे ठेवलेत, ते मुलांनी आपापल्या घरच्या बिलांवरून भरायचे, पणजीचं भाडं सत्तरी तालुक्यातल्या पोराला देऊन उपयोग नाही.