नाव सगळ्यात शेवटी

गेल्या डिसेंबरात मी पहिल्यांदा 'नेंगाजो' लिहायला घेतली, म्हणजे इथली, जपानमधली, नववर्षाची पोस्टकार्डं. आम्हाला जपानी शिकवणाऱ्या आजी शेजारी बसल्या होत्या. सवयीने मी आधी नाव लिहायला गेले, तर त्यांनी कार्डाच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. इथून.

कार्डावर वरच्या बाजूला पिनकोडसाठी सात लाल चौकोन छापलेले असतात. (आपला सहा आकडी पिनकोड १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, इथे पिनकोड १९६८ पासून आहे, सात आकडी झाला १९९८ मध्ये.) मग उजव्या कडेने वरून खाली उतरायचं: आधी शहर तोक्यो, मग त्यातला विभाग एदोगावा-कु, मग वस्ती निशिकासाई, आणि पुढे आकडे. नाव येतं ते त्यानंतर, कार्डाच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. त्याखाली 'सामा'. आपलं 'श्री.' नावाआधी, यांचा मान नावानंतर.

त्या आकड्यांत रस्ता कुठेच नाही. तीन-चौदा-सात म्हणजे वस्तीचा तिसरा भाग, 'चोमे'. त्यातला चौदावा ठोकळा, 'बान'. त्यातलं सातवं घर, 'गो'. नंबर जमिनीच्या तुकड्याला मिळतो. इथल्या बहुतेक रस्त्यांना नावच नाही, ते नुसते दोन ठोकळ्यांमधली वाट. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं, आपल्या पेठेतलंच की! घर नंबर आणि सदाशिव पेठ, रस्ता कोण लिहितंय?" अगदी खरं.

पूर्वी जागेची नोंद ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने नंबर पडत, त्यामुळे पाच नंबरच्या शेजारी बासष्ट असायचा. १९६२ च्या कायद्यानंतर बऱ्याच शहरांत ठोकळ्याच्या एका कोपऱ्यापासून कडेकडेने ठराविक अंतरावर आकडे मोजतात. आता दोन घरांची दारं त्याच अंतरात आली, तर दोघांचा नंबर एकच! मग पोस्टमन दारावरची आडनावाची पाटी बघतो. म्हणून ती पाटी मला फार महत्त्वाची वाटते.

क्योतो मात्र वेगळं. तिथे पत्त्यात चक्क वाट सांगतात: कारासुमा रस्ता, शिजो रस्त्यापासून 'सागारु', म्हणजे उतरा, दक्षिणेकडे जा. उत्तरेला जायचं तर 'आगारु', चढा. पत्ता वाचता वाचता माणूस चालायला लागतो. मला हा प्रकार मनापासून आवडला.

दिवाळीच्या आधी आईला फराळाच्या खोक्यावर चिकटवायला पत्त्याची जपानी चिठ्ठी पाठवली होती. स्वतःच्या नावापुढे आपणच 'सामा' लावायचं नसतं, हे आजींनी बजावलं होतं, म्हणून तिथे नुसतंच नाव होतं. खोकं आलं. चकल्या थोड्या मोडल्या होत्या, पण चिठ्ठी नीट सरळ चिकटवलेली, आणि माझ्या नावाआधी आईने निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'चि.'