रायवळाच्या नोंदवहीपासून कलमापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या रोपवाटिकेची सुरुवात कोकणातल्या बहुतेक रोपवाटिकांसारखीच झाली : हापूसची कोय कलमं, थोडा केशर, थोडी पायरी. हापूस आजही बांधतो, पण आता निम्मं काम रायवळाचं, म्हणजे बाठीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचं आहे. गावठी झाडं शोधायची, त्यांची फळं मोजायची, निवडक झाडांच्या काड्या आणून कलमं करायची आणि हंगामात थोडा संकर करायचा.

हापूसची सगळी कलमं मुळात एकाच झाडाचा विस्तार. म्हणून गोडी आणि वास सगळीकडे ओळखीचा, आणि दोषही तेच : साका, म्हणजे गरात होणारा पांढुरका, स्पंजासारखा बेचव भाग, आणि वर्षाआड येणारं पीक. रायवळाचं तसं नाही. तो बाठीपासून उगवतो आणि आंब्यात परपरागीभवन होत असल्यामुळे प्रत्येक बाठ नवी जुळवाजुळव घेऊन येते. एकाच बांधावरच्या दोन झाडांपैकी एकाचा आंबा दोऱ्यांनी भरलेला, चोखूनच खायचा. दुसऱ्याचा कापून फोडी करता येतात. शेप्या, खोबऱ्या, केळ्या, शेंदऱ्या, गोट्या, बिटकी ही नावं म्हणजे लोकांनी करून ठेवलेली गुणांची नोंदच. आमचा शोध या नावांवरूनच सुरू झाला.

चव घेऊन झाड निवडणं पुरत नाही, हे लवकर कळलं. आता प्रत्येक झाडाची चौदा आणे (झाडावर जवळजवळ पूर्ण) तयार झालेली किमान १० फळं घेतो, झाडाच्या चारही बाजूंची. फक्त उन्हाकडची घेतली तर रंग आणि गोडी दोन्ही फसवतात. पिकल्यावर फळ, साल आणि बाठ वेगवेगळी तोलतो. २६० ग्रॅमच्या फळात साल ४० आणि बाठ ३४ ग्रॅम असेल तर गर १८६ ग्रॅम, म्हणजे साडेएकाहत्तर टक्के. साखर रिफ्रॅक्टोमीटरवर बघतो; हे रसातली गोडी ब्रिक्स या मापात दाखवणारं उपकरण. त्यासाठी देठापासून टोकापर्यंतचा गर एकत्र करून त्याचा रस घ्यावा लागतो, कारण एकाच फळातही ब्रिक्स सारखा नसतो. आंबटपणासाठी कॉस्टिक सोड्याचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण आणि रंग बदलून आम्ल संपल्याचं दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन. शिवाय दोरा, सालीची जाडी आणि साध्या खोलीत फळ किती दिवस टिकतं तेही. हे सगळं किमान तीन हंगाम. पाऊस लवकर आला किंवा झाडावर फार फळ लागलं की ब्रिक्स खाली येतो, आणि चांगलं झाड उगाच नापास होतं. गुण झाडाच्या रक्तातला की जागेचा, हे तर त्याची कलमं दोन-तीन वेगळ्या जमिनींत वाढवल्याशिवाय ठरत नाही.

साक्यासाठी फळ कापावंच लागतं. बाहेरून काही दिसत नाही. जमिनीतून येणारी उष्णता साका वाढवते, म्हणून झाडाखाली गवत राखल्याचा उपयोग होतो. फळातली बाठ रुजण्याच्या तयारीला लागण्याशीही त्याचा संबंध संशोधनातून पुढे आला आहे. पण कायमचा उपाय वाणातूनच येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रानं १९८१ साली दिलेला रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर. फळ हापूसपेक्षा मोठं आणि साका नाही. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू आला, ज्याची बाठ अगदी पातळ. नीलम-हापूस याच जोडीतून लोणच्यासाठी कोकण रुचीही निघाला. उत्तरेत दशहरी आणि नीलम यांच्यापासून आम्रपाली आणि मल्लिका झाले : पहिल्याचं झाड ठेंगणं, गर गडद केशरी, दुसऱ्याचं फळ चांगलं मोठं. आईबाप तेच, लेकरं इतकी वेगळी. म्हणूनच एका संकरातून दोन-चार रोपं घेऊन काही हाती लागत नाही, शेकडो लागतात.

आणि शेकडो मिळवणं हेच अवघड. एका मोहोरात हजारावर फुलं, पण त्यांतली बरीच नर. कष्टानं फळ धरलं तरी गळ मोठी, आणि हाती येणाऱ्या फळात बाठ एकच. आम्ही एका मोहोरावर ८ ते १० उभयलिंगी फुलंच ठेवतो आणि जास्त मोहोर घेतो. एकाच मोहोरावर गर्दी केली तर हाती कमी लागतं. सकाळी परागकोष फुटायच्या आत ते काढून टाकायचे, निवडलेल्या नराचा पराग लावायचा आणि मलमलीची पिशवी चढवायची. आई म्हणून एका बाठीतून एकच रोप देणारं झाड घ्यायचं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावठी जातींत एका बाठीतून तीन-चार रोपं येतात. ती बहुतेक आईचीच नक्कल असतात, आणि त्या गर्दीत संकराचं रोप मागे पडून मरतं.

याच बहुरोपी बाठी खुंटाला, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याला, मात्र उत्तम. मिसळ रायवळ खुंटांवर बांधलेली हापूसची कलमं बागेत कमी-जास्त वाढतात, कारण प्रत्येक खुंट वेगळा. हा फरक गिऱ्हाईक आपल्या खतपाण्याच्या माथी मारतं. आम्ही आता खुंटाच्या झाडाचाही क्रमांक लिहितो. बाठी आठवड्याच्या आत पेरतो. वाळली की ती मेली. पानं तांबूस असतानाच, १० ते १५ दिवसांच्या रोपावर पाचर कलम (खुंटाला चीर देऊन तिच्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवणं) करायचं. काडी ३ ते ४ महिन्यांची, खुंटाच्या जाडीची, आणि तिची पानं ८ दिवस आधी देठ ठेवून छाटलेली. कापात पावसाचं पाणी शिरलं की बुरशी येते आणि सांधा काळा पडतो, म्हणून सगळं छपराखाली.

संकराची रोपं बाठीवर वाढवत बसलो तर फळाला बरीच वर्षं जातात. त्यांच्या काड्या आम्ही मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बांधतो, म्हणजे मोहोर लवकर दिसतो. एका झाडावर अनेक काड्या असल्यामुळे ॲल्युमिनियमची पट्टी तारेनं सैल बांधतो; प्लॅस्टिकची लेबलं उन्हात तडकतात आणि मग फांदी कुणाची ते कळत नाही. या काड्यांना अजून नावं नाहीत. पट्टीवर आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक आणि वर्ष, एवढंच.