अमाल्फीचा किनारा होडीतून: नेरानोपर्यंत जा, काप्रीला फाटा द्या

इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्याचे जे फोटो आपण पाहून पाहून खूश होतो, त्यातले बरेचसे समुद्रातून काढलेले असतात. हे नीट कळतं ते तिथे गेल्यावर, बसमध्ये उभं राहून, पुढच्याच्या बॅकपॅकमध्ये नाक खुपसून जाताना. किनाऱ्याचा एसएस १६३ हा रस्ता कडा कोरून काढलेला आहे. काही वळणांवर दोन बस समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि खिडकीबाहेर एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला लोकांची डोकी. खरं तर हा रस्ताच इथे नवखा. तो पुरा झाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्याआधी या गावांचं येणंजाणं होडीने किंवा खेचरांच्या पायऱ्यांच्या वाटांनी चालायचं. त्यामुळे घरांची तोंडं, चर्चचे घुमट, पहाऱ्याचे बुरूज, सगळं समुद्राकडे वळलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला गावाची परसबाग दिसते, पुढचं दार दिसत नाही.

म्हणून होडी. आणि सहा जण असाल तर स्वतंत्र होडीच.

आम्ही सहा होतो: मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक, सासूबाई, आणि जर्मनीत राहणारे दीर-जाऊ. स्वतंत्र होडीचा दर अख्ख्या होडीचा असतो, माणशी नसतो. सप्टेंबरमध्ये सहा तासांसाठी आम्हाला साधारण सहाशेपासून नऊशे युरोपर्यंतचे आकडे मिळाले. शेवटी इंधन धरून साडेसातशेला ठरलं. म्हणजे माणशी सव्वाशे. दहा-बारा अनोळखी लोकांसोबतच्या सहलीलाही माणशी शंभराच्या आसपास पडत होते. वरच्या पंचवीस युरोंत थांबायचं कुठे, किती वेळ, आणि सासूबाईंना पायऱ्या चढायला घाई करायची की नाही, हे सगळं आपल्या हातात येतं. दोघंच असाल तर मात्र हे गणित बसत नाही. सरळ सामायिक सहल घ्या. याच किनाऱ्यावरच्या पोझितानोहून सुटणाऱ्या होड्या आम्हाला सगळ्यात महाग वाटल्या. आम्ही अमाल्फी गावाहून निघालो.

राहायला होतो किनाऱ्याच्या पूर्व टोकाच्या सालेर्नो शहरात. तिथे राहणं स्वस्त, नेपल्सहून वेगवान गाडीने पाऊणएक तासात पोचता येतं, आणि तिथून अमाल्फीला फेरीबोट पस्तीस-चाळीस मिनिटांत नेते. सालेर्नोत फेरीचे धक्के दोन आहेत: स्टेशनजवळचा कोंकोर्दिया आणि पुढचा मोलो मानफ्रेदी. तिकिटावर कुठला आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा; दोन्हींमध्ये बऱ्यापैकी चाल आहे. जाताना उजवीकडे बसा, किनारा त्याच बाजूला असतो. व्हिएत्री, चेतारा, ओर्सोचं टोक, मायोरी, मिनोरी ही पूर्वेकडची सगळी गावं या फेरीतून ओळीने दिसतात, त्यामुळे होडीचे पैसे आणि वेळ पश्चिमेकडच्या भागासाठी राखता येतात.

बुकिंग करताना विचारायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्यातल्या काहींवर अडून बसा. पहिली, शौचालय. इथल्या पारंपरिक घाटाच्या होडीला गोत्सो म्हणतात. सात-आठ मीटर लांबीची, पुढे झोपून ऊन खायला गाद्या, मागे बाकडी. काहींत खाली छोटंसं शौचालय असतं, काहींत नसतं. ज्येष्ठ माणूस किंवा लहान मूल सोबत असेल तर याचं उत्तर लेखी घ्या, आणि आतला फोटोही मागा. दुसरी, छत. फोटोत असतं, पण कितीजण त्याखाली मावतात ते विचारावं लागतं. तिसरी, इंधन, गुहेचं तिकीट आणि जेवणाच्या ठिकाणी उतरण्याचे पैसे दरात धरलेत की वेगळे. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची: समुद्र खवळला तर काय? चांगला होडीवाला स्वतःच सांगतो की पैसे परत किंवा दुसरा दिवस. जो हा प्रश्न टोलवतो, त्याला आपणही टोलवावं. आणि होडीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की लाटांचा अंदाज ते सांगतात. अर्धा मीटर म्हणजे मजेत. मीटरच्या वर लाटा असतील तर या आकाराच्या होडीत पैसे देऊन हाल करून घेण्यात अर्थ नाही.

परवान्याशिवाय चाळीस अश्वशक्तीपर्यंतची होडी इटलीत भाड्याने मिळते. माझ्या दिरांचा त्यावर फार जीव होता. पण फेरीबोटी गेल्या की मागे उठणाऱ्या लाटा, पोहणाऱ्यांची डोकी, पाण्याखालचे खडक, आणि क्रेडिट कार्डावर अडकवलेली अनामत रक्कम, हे सगळं ऐकल्यावर जाऊबाईंनी विषय संपवला: "तुम्ही आधी हायवेला लेन बदलताना आरसा बघायला शिका."

अमाल्फीच्या धक्क्यावर होडी मागच्या अंगाने लावतात आणि एक अरुंद फळी टाकतात. तेवढ्यात एखादी फेरी आली की फळी हातभर वरखाली होते. कप्तान साठीचा, अनवाणी. त्याने सासूबाईंच्या गुडघ्याकडे एकदा पाहिलं, हात वर करून थांबायला सांगितलं, तीन लाटा जाऊ दिल्या आणि चौथीच्या आधी त्यांना अलगद आत घेतलं. चपला सगळ्यांच्या एका टोपलीत गेल्या. होडीवर अनवाणीच असायचं. त्यामुळे सँडल चालतात, बूट-मोजे नकोत. सामान मऊ पिशवीत घ्या, चाकांची बॅग हॉटेलवर ठेवा.

बंदरातून थोडं बाहेर आल्यावर मागे वळून बघाच. अमाल्फी केवढंसं आहे! दोन डोंगरांच्या बेचक्यात कोंबलेलं. एकेकाळी व्हेनिस, जिनोआ, पिसा यांच्या पंक्तीला बसणारं हे सागरी गणराज्य. १३४३ च्या समुद्रकोपात बंदर आणि खालचा भाग पाण्यात गेला. ते वाचलं होतं, पण शिल्लक किती उरलं हे पाण्यावरून कळतं. शेजारचं अत्रानी तर क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात छोटी नगरपालिका, अवघी ०.१२ चौरस किलोमीटर.

पाचूची गुहा कोंका देई मारिनी गावात. १९३२ मध्ये एका मच्छीमाराला सापडली. मोठी होडी आत जात नाही; बाहेर उतरून तिकीट काढायचं आणि त्यांच्या वल्ह्याच्या होडीत बसायचं. उजेड पाण्याखालच्या भोकातून येतो, म्हणून पाणी खालून पेटल्यासारखं हिरवं दिसतं. नावाडी वल्ह्याने पाणी उडवतो, थेंबसुद्धा हिरवे. मग तो गातो, आणि मग अर्थातच टोपी फिरते. सुट्टे युरो जवळ ठेवा. पाऊण तास रांग असेल तर खुशाल सोडून द्या. आम्ही लवकर गेलो म्हणून आत गेलो, नाहीतर मी थांबले नसते.

फुरोरेची खाच मात्र चुकवू नका. कड्याला उभी चीर पडलेली, तिच्यावरून सुमारे तीस मीटर उंचीवर रस्त्याचा पूल, आणि खाली रुमालाएवढी पुळण. पुलावरून समुद्रात सूर मारायच्या स्पर्धा इथे व्हायच्या, हे पुलाखाली थांबून वर बघितल्याशिवाय पोटात गोळा आणत नाही. बसमधून हाच पूल चार सेकंदांत जातो.

पुढे प्राइयानो, आणि मग पोझितानो. इथे माझा ठाम सल्ला: होडीच्या वेळातून पोझितानोला उतरू नका. धक्क्यावर गर्दी, वर नुसत्या पायऱ्या, आणि दुकानं. गाव दिसायला सगळ्यात सुंदर आहे ते पाण्यावरूनच, माजोलिका म्हणजे रंगीत, चकचकीत फरशांचा घुमट मध्ये धरून. आत फिरायचं असेल तर वेगळ्या दिवशी फेरीने या.

किनाऱ्यावरचे बुरूज मोजायचा नाद लेकीला लागला. उत्तर आफ्रिकेकडून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवायला सोळाव्या शतकात यातले पुष्कळ बांधले. एकावरून दुसरा दिसावा अशा बेताने, धूर किंवा जाळ करून इशारा पुढे पाठवता यावा म्हणून. रस्त्यावरून हे बुरूज सुटे सुटे दिसतात. होडीतून त्यांची साखळी लागते.

ली गाल्ली ही पोझितानोसमोरची तीन छोटी बेटं. ग्रीक पुराणांतल्या, गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरेन इथल्याच, अशी आख्यायिका. विसाव्या शतकात नर्तक लिओनिद मासीन यांनी ती विकत घेतली, पुढे रुडॉल्फ नुरेयेव यांच्याकडे गेली. बेटं खासगी आहेत, पाय ठेवता येत नाही, पण आडोशाला होडी थांबवून पोहता येतं. पाणी इतकं स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसते. नांगर वाळूत टाकला ना, हे कप्तान वाकून बघत होता. तळाशी पोसिडोनिया या समुद्री गवताची कुरणं असतात आणि नांगराने ती उपटली जातात. पोहणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात: शिडी पाण्यात किती पायऱ्या खाली जाते, कारण उडी मारणं सोपं, वर येणं अवघड, आणि जेलीफिश. कप्तान पाण्याकडे नजर टाकून सांगतो, त्याचं ऐका. आणखी एक. होडी लागते ती चालू असताना नाही, तर इंजिन बंद करून थांबल्यावर. ज्यांना त्रास होतो त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, उपाशीपोटी बसू नये, आणि थांबल्यावर फोनमध्ये न बघता किनाऱ्याकडे बघावं. आमच्याकडचा आलेपाक कप्तानालाही आवडला.

पोझितानोच्याही पश्चिमेला असलेल्या नेरानो गावी जेवायला उतरलो तेव्हाची गोष्ट. सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं, खाडीकाठचं. धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर त्यांनी दगडांकडे पाहून विचारलं, "पाणी चढतंय की उतरतंय? परतताना होडी टेकायची नाही ना?" लेकीने भाषांतर केलं. कप्तानाने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली: समुद्र इथे दिवसभरात एवढाच हलतो. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातून अटलांटिकची भरती आत येतच नाही म्हणा ना. सासूबाईंना ते पटेना. मग त्यांनीच बोट दाखवलं: पाण्यापासून चार पावलांवर घरांची दारं, कमानीखाली ओढून ठेवलेल्या होड्या. "आमच्याकडे असं बांधलं तर अवसेला चुलीत पाणी." भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून फेरी पकडायची सवय असलेल्या कोकणी माणसाला ही केवढी मोकळीक आहे! इथे घड्याळ फक्त वाऱ्याचं बघायचं.

आणि ते बघायचंच. सकाळी समुद्र सपाट असतो, दुपारी पश्चिमेकडून वारा धरतो. म्हणून सकाळी पश्चिमेला जायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परत यायचं, म्हणजे अंगावर पाणी उडत नाही. दुपारी दोनला निघणारी सहल स्वस्त दिसली तर कारण हेच असू शकतं.

नेरानो हे शाकाहाऱ्यांचं गाव म्हणावं असं. इथली स्पॅगेटी तळलेल्या झुकिनीची, बेसिल आणि प्रोव्होलोने देल मोनाको चीज घालून केलेली. मासा नाही, टोमॅटो नाही. कडक शाकाहारी असाल तर एवढं लक्षात घ्या की हे चीज करडाच्या पोटातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, लावतात. सासूबाईंनी म्हणून टोमॅटोची साधी पेन्ने चीजशिवाय मागवली, आणि आमच्यापेक्षा आधी संपवली. किनाऱ्यावर इतरत्र जपायचं ते अँचोव्ही नावाच्या छोट्या माशाला: चेताराचा तो प्रसिद्ध माशांचा अर्क भाजीतसुद्धा घालतात. कोंकाच्या मठात जन्मलेली म्हणून सांगतात त्या स्फोल्यातेल्ला नावाच्या गोड पदार्थाच्या पापुद्र्यात डुकराची चरबी असते. लिंबाची ग्रॅनिता, म्हणजे लिंबाच्या रसाचा बर्फाळ चुरा, निर्धास्त खा. रेस्टॉरंट आधी राखून ठेवा, कप्तानाला सांगितलं तर तोच फोन करतो. मात्र हॉटेल तुम्हीच निवडा, नाहीतर तो त्याच्या ओळखीच्याकडे नेणार.

नेरानोपलीकडे इयेरांतोची खाडी आहे, पुंता कांपानेल्लाच्या संरक्षित सागरी क्षेत्रात. आत मोटरबोटीला बंदी. बाहेरून बघून परत फिरायचं.

आणि तिथूनच काप्री बेट समोर दिसतं, म्हणून सगळ्यांना मोह होतो. त्याच दिवशी काप्री जोडू नका. तिथली प्रसिद्ध निळी गुहा लाटा असतील तर बंद असते, उघडी असेल तर बाहेर होड्यांची रांग लागते, तोंड जेमतेम मीटरभर उंच असल्याने वल्ह्याच्या होडीत आडवं पडून आत जावं लागतं. सहा तासांतले दोन तिथेच जातात आणि फुरोरे, बुरूज, नेरानो हे सगळं पळत बघावं लागतं. काप्रीला सोरेंतोहून फेरीने वेगळा दिवस द्या.

महिना म्हणाल तर सप्टेंबरचा मध्य: पाणी कोमट असतं आणि इटालियन कुटुंबं ऑगस्टची सुट्टी संपवून परतलेली असतात. मेमध्ये दर कमी, पण पाणी गार. सासूबाईंनी पायही बुडवला नसता. नोव्हेंबरपासून फेऱ्या जवळजवळ बंद. सप्टेंबर गाठायचा तर शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मे-जूनमध्येच धरून ठेवा. होडीच्या दिवशी अमाल्फी-सालेर्नोची परतीची फेरी सकाळीच काढून ठेवा. संध्याकाळच्या फेऱ्या भरून जातात, आणि मग पुन्हा तीच बस.